कपाट हलवायचं नाही

भाडेकराराच्या नोंदणीसाठी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक घरमालक काका आणि त्यांची होऊ घातलेली भाडेकरू.

“काका, बेडरूममधलं ते मोठं कपाट दुसऱ्या भिंतीला लावलं तर चालेल?”

“कपाटाला हात लावायचा नाही. तेवढी एकच अट आहे माझी.”

“त्याच्यामागे ओल आहे का?”

“ओल कसली! घर थंड राहतं. उन्हाळ्यात दुवा द्याल मला.”

“नळही सोडून बघायचे राहिले.”

“आता नळ काय बघायचे? माणसावर विश्वास ठेवावा, ताई. आधीच्या भाडेकरूंनी कधी चकार शब्द काढला नाही.”

“मग सोडून का गेले?”

“कोण जाणे. न बोलताच गेले.”

“तुम्ही का नाही राहत तिथे?”

“आमच्या हिला खोकला सुटतो हो. आम्ही समोरच्या इमारतीत राहतो, भाड्याने.”

“तिथे ओल नाही?”

“छे! मी काय डोळे झाकून घर घेतोय? एकूण एक नळ सोडून बघितला, कपाटं सरकवायला लावली. मालक जाम वैतागला. म्हणे, माणसावर विश्वास ठेवा!”