कोणतंही चालेल म्हणे!

न्हाई, मला एक सांगा, 'कोणतंही चालेल' ह्याला काय उत्तर म्हणतेत का? अहो, फीस देऊन गेल्तो आम्ही! मी, आमची अर्पिता अन् मांडीवर आमची तनू, नुकतंच वर्ष सरलेलं. डॉक्टरीणबाईंना इचारलं, मॅडम, पोरीला वरचं दूध कोणतं द्यायचं? त्या मान वर न करता, "वर्ष झालं ना? मग गाईचं, म्हशीचं, कोणतंही चालेल. उकळून द्या, सायीसकट द्या, साखर नको, वाटी-चमच्यानं पाजा, आणि नुसत्या दुधावर ठेवू नका, वरण-भात खाऊ द्या." झालं! पुढचा पेशंट! आता ज्या घरात भाजी कोणती करायची ह्याच्यावरून अबोला होतो, त्या घरात जाऊन 'कोणतंही' सांगायचं... तुम्हीच सांगा, कसं सांगायचं?

अन् टाइम तरी कुठं होता? सोमवारी अर्पिताची रजा संपून राह्यली, ती शाळेत मास्तरीण, सकाळी गेली की संध्याकाळीच घरी. अन् तनूला आईशिवाय दुसरं बिलकुल चालत न्हाई. चमचा दिसला की तोंड असं फिरवती, जसं मी एरंडेलच घेऊन आलो! अर्पिताचं आपलं उठता-बसता एकच, "अहो, मी गेल्यावर ही उपाशी राहील हो," अन् डोळ्याला रुमाल. मलाबी गलबलून यायचं, खोटं कशाला बोलू.

आमची आई, नंदाबाई, तिचं ठरलेलं. "गाईचं! गाईच्या दुधानं बुद्धी येती. सोमेश्वर, तुला मी गाईचंच पाजलं." तिकडून गावाहून फोनवर आमचे वडील, बापू, "म्हणूनच असा निघाला! म्हशीचं पाजा." अन् नुसतं बोलून थांबतील तर ते बापू कसले? अंतरवालीहून काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरच्या हाती दुधाचा डबाच धाडला! गचके खात खात जालन्याला येऊस्तर डब्यात वर लोण्याचे गोळे. ड्रायव्हर मलाच म्हणतो, "भाऊ, दूध म्हणून दिल्तं बरं का, पुढचं मला माहीत न्हाई."

मंग शेजारच्या विमलकाकू. आमच्या मस्तगड गल्लीत भिंतीला भिंत, आमच्याकडं कुकरची शिट्टी झाली तर तेंच्याकडं वरण उतरवतेत. त्या आल्या, "बकरीचं द्या, हलकं असतंय." मी म्हणलं, बघू काकू. काकू म्हणल्या, "बघू काय? आणलीय." अन् मागं बघतो तर बकरी! आमच्या गाडीचं सीट खाऊन राह्यली!

तेवढ्यात पुण्याहून आमची मेहुणी श्रद्धा, व्हिडिओ कॉलवर, "जिजू, प्राण्यांचं दूध कोण देतं आता? बदामाचं द्या ना, मी पार्सल टाकते." हे मी बापूंना सांगितलं. बापूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मंग हळूच इचारतेत, "बदामाची धार कोण काढतं रे?"

अन् अर्पिता? तिनं डबा आणला पावडरचा. वर गुबगुबीत पोराचा फोटो, 'एक ते तीन वर्षे'. म्हणती, "ह्यात सगळं आहे बघा, मेंदूचं, हाडाचं, उंचीचं." मी म्हणलं, दूध हाय का? तर जेवायला वाढलं न्हाई! मी आपला पिशवीच्या दुधाच्या चहावर जगणारा माणूस, मला कोण इचारतं? कोणतंही चालेल म्हणे!

शेवटी मी ठरवलं, भांडण न्हाई, टेस्ट करायची. मी एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर हाय, आमचं रोजचं काम तेच. सगळ्या लॉटचं बी एकाच दिवशी, सारख्याच ओलीवर ठेवायचं, वर नुसता नंबर, कुणाचा माल ते कुणाला कळू द्यायचं न्हाई. जे उगवलं ते खरं! तसंच केलं. सारख्या वाट्या, सारखं कोमट, सगळ्याला चिकटपट्टी, पट्टीवर नंबर, अन् नंबर फक्त माझ्या डोक्यात. झकास! तनूला आणायला आतल्या खोलीत गेल्तो, पोरीनं लंगोट ओला केल्ता, तो बदलून आलो... तर वाट्या धुऊन पालथ्या!

"आई, दूध?"

"असं उघडं ठेवतेत का रे? सगळं पातेल्यात ओतलं अन् आणली एक उकळी. दूध टाकून देऊ का मंग?"

सगळं! गाय, म्हैस, बकरी, बदाम, पावडर, एका पातेल्यात! मी डोकं धरून खाली बसलो. अन् तेवढ्यात आईनं वाटीत घेतलं, चमचा पुढं केला... अन् तनू प्याली! घटाघटा! वरून वाटी चाटली!

झाला की जल्लोष! आई म्हणती गाय जिंकली. बापू फोनवर, म्हैस! विमलकाकूंनी बकरीला पेंड चारली. मी म्हणलं, आता एकेक कमी करून बघू, कशानं पिऊन राह्यली ते बराबर कळंल. पण पहिलं कुणाचं कमी करायचं? कुणीच तयार न्हाई! अन् सोमवार तर दारात. मंग काय, रोज तेच कालवण! सकाळी मी काळी-पिवळीच्या स्टॉपवर, आई गवळ्याकडं अन् बकरी आमच्या गाडीवर.

सोमवार आला. मी सुट्टी टाकून घरी. दुपारी शाळेतून फोन.

"प्याली का हो?"

"प्याली ना! दोन वाट्या! हसून राह्यली!"

तिकडून बारीक आवाज, "रडली न्हाई? एकदाबी?"

"बिलकुल न्हाई!"

अन् बाईसाहेबांचा बांध फुटला! "मी नसले तरी चालतं म्हणजे तिला! जेवणाचा डबासुद्धा उघडावा वाटंना मला!" आता बोला! इतके दिवस पोरगी पीत न्हाई म्हणून रडली, आता प्याली म्हणून रडून राह्यली! मी काय करावं? तनू पुढ्यात खिदळतीय, अन् मी तिच्या तोंडावर हात धरून फोनात सांगितलं, "अगं, तुझं मन दुखू नये म्हणून खोटं बोललो. लई रडली. दाराकडं बघून बघून रडली."

"खरं?"

"तुझी शप्पथ."

तवा कुठं बाई पोटभर जेवली.