मुलीच्या खालची रेघ

—नाही हो काका, कॉम्प्युटरचं काही चुकलेलं नाही, तुम्ही सांगितलंत तेच त्यानं केलंय. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय — वर्षभर सांगतेय सरांना, पण आमच्या क्लासला नवी पाटी येते, खुर्ची येत नाही. तर — उद्या कुलसंमेलन, वंशवेल आजच छापायची, माहितीय मला, सकाळपासून तिसऱ्यांदा सांगताय. आणि तक्रार काय — अस्मिताताईच्या खाली तिचा सोनू दिसत नाही. कसा दिसेल?

हे बघा, हा लूप. लूप म्हणजे काय, तर एकच काम पुन्हा पुन्हा. माणूस घे, चौकोन काढ, नाव लिही, त्याच्या प्रत्येक अपत्याकडे खाली रेघ ओढ, तिथे परत चौकोन. घराण्यात तीनशे बारा माणसं, तीनशे बारा फेऱ्या. आता या फेरीच्या पोटात तुम्ही अट घातलीत — मी नाही, तुम्ही — 'मुलगी असेल तर तिच्या खाली रेघ नको, ती दुसऱ्या घरची.' घातली. आता लूप प्रत्येक फेरीत तेच विचारणार; अस्मिताताई आली की तो म्हणत नाही, ही माधवरावांची, म्हणजे तुमची, एकुलती एक, हिला सोडा. मुलगी? हो. मग थांब. संपलं.

काय? सोनूपुरतं घाल? घालते की! आणखी एक अट — मुलगी असेल, पण वडिलांचं नाव माधव असेल, तर चालू दे. घराण्यात माधव चार आहेत, काका. त्या चिपळूणच्या माधवरावांना पाच मुली, सतरा नातवंडं. कागद तुम्ही आणून देणार?

आणि खरं सांगू — सांगणार नव्हते — सोमवारी तुम्हाला तपासायला दिलेला कागद चुकलेला होता. अट चौकोनाच्या नंतर हवी, मी आधी घातली. त्यामुळे मुलींचे चौकोनच निघाले नाहीत. एकशे एकतीस मुली गायब! नुसत्या रेघा लोंबत होत्या, खाली कोणी नाही. तुम्ही तो दोन दिवस ठेवून घेतलात, लाल पेन्सिलीनं तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत, आणि खाली 'उत्तम' लिहून सही केलीत. अस्मिताताईसुद्धा नव्हती त्यात. मीही नव्हते.

चिडले नाहीये, माझा आवाजच असा आहे. पण बघा ना, बाबांच्या चौकोनाखाली मी एकटी. बाबा गेले तेव्हा सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं, 'आता तूच त्याचा मुलगा'? तुम्हीच. मग रेघ ओढायची वेळ आली की मी परत मुलगी कशी होते? उद्या मला नि सुदर्शनला मूल झालं, तर त्याचा चौकोन—

कोण सुदर्शन म्हणजे? कोणी नाही. म्हणजे आहे. इथेच शिकवतो, हडपसरहून येतो, तुमची ती अट त्यानंच योग्य जागी हलवून दिली. आडनाव? चौकोनात आडनाव मावत नाही, काका. तुमचाच नियम.

ते राहू द्या. मी दोन्ही तयार ठेवलंय. एक दाबलं तर अट आहे — नऊ पानं. दोन दाबलं तर अट नाही — तेवीस. तुम्हीच दाबा. का म्हणजे? सोनूला आता वाचता येतं. उद्या मांडवात आपलं नाव शोधेल, नाही सापडलं तर विचारत तुमच्याकडेच येईल, माझ्याकडे नाही.

घ्या वेळ. संमेलन उद्या आहे.

दाबलंत? कुठलं? हाताआड दिसलं नाही मला. सांगा तरी — बरं, नका सांगू. कोपर काढा तिथून, कागद तिरका जातोय. काय किंचाळतो हा प्रिंटर, खाली रेडिओच्या दुकानात शिव्या घालतात आम्हाला… सहा… सात… हे आठ… नऊ.

…

दहा.

असं बघू नका, शाई पुरेल. निघा आता तुम्ही, उरलेली पानं मी आणते. आणि आईजवळ सुदर्शनचं नाव काढू नका — ते मी सांगणार आहे.