मोरिवाकीसानच्या नंतरचं गाणं

मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं, इथे 'त्सुबाकी' कराओकेत आम्ही सात गिऱ्हाइकं, मालकीणबाई आत स्वयंपाकघरात — पोलिसांना मी हेच सांगितलं, ताई, तुम्हालाही तेच सांगते. बसा ना. ती नको, ती तुमच्या वडिलांची खुर्ची. इकडे बसा. चहा? बरं, राहू दे.

तर मोरिवाकीसान गात होते. नेहमीचंच — बंदर, बर्फ, निघून गेलेली बोट. आवाज फाटका, खोटं कशाला बोलू, पण गायचे जीव ओतून. मशीन द्यायचं पंचाहत्तर गुण, फार तर अठ्ठ्याहत्तर. नव्वदच्या वर इथे चार वर्षांत माझ्याशिवाय कुणीही गेलेलं नाही, विचारा मालकीणबाईंना. पण ऐकतं कोण? किळस येते हो मला या लोकांची! घरी बोलायला माणूस नाही म्हणून कराओकेला यायचं, आणि आलं की जो तो मान खाली घालून यादीत आपलं पुढचं गाणं शोधतोय. वाजायचं थांबलं की टाळ्या. वर बघायचं नाही, नुसत्या टाळ्या. बेडूक ओरडला तरी टाळ्या!

दुसऱ्या कडव्यात ते थांबले. संगीत आपलं चालूच. शब्द विसरले म्हणावं, तर शब्द समोर पडद्यावर असतात — मग कळायला नको कुणाला? कपाळ टेबलावर टेकलेलं. गाणं संपलं आणि आम्ही — आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर छत्तीस गुण आले. तो हाराडा न्हावी, मान वर न करता म्हणतो कसा, "काय मोरिवाकीसान, अर्ध्यावरच डुलकी लागली का?" हसले सगळे. मेलेल्या माणसाला — नाही, मेले नव्हते तेव्हा. तेच तर डॉक्टर म्हणाले ना तुम्हाला? पाच मिनिटं आधी फोन झाला असता तर. माहीत आहे मला. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

माईक? माईक त्यांच्या मुठीतच होता. घट्ट. एकेक बोट सोडवावं लागलं, गरम होती बोटं — असतील, म्हणजे. जिवंत माणसाची असतातच. मला काय माहीत, मी यादीत बघत — नाही, मी हात धुवायला गेले होते. पोलिसांच्या कागदात तसंच लिहिलंय.

तो कागद नका दाखवू. मालकीणबाईंनी मशीनमधली नोंद काढून दिली ना तुम्हाला? वाचलीय मी. दोन चौदाला पुढचं गाणं सुरू. मालकीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या, त्यांनी बघितलं, फोन केला — दोन एकोणीस. म्हणजे गाणं अख्खं झालं, तिन्ही कडवी! शेजारी माणूस कोसळलाय आणि ही निर्लज्ज — हा म्हणा, ही म्हणा, कोण असेल ते — कुठे सूर हलला नाही, श्वास चुकला नाही. बाकीच्या पाच जणांना विचारलंत, पाचही म्हणाले, आमचं लक्ष यादीत होतं. खरंच असेल ते. इथे कुणी बघतच नाही, हेच तर मघापासून सांगतेय मी.

कशावर बोट ठेवलंय? गुणांवर?

दिसतंय मला. चष्मा आहे. एक्क्याण्णव.

...चहा नको होता ना तुम्हाला? मग उठा आता, ताई. माझा नंबर आलाय.