ओव्हनची सागवानी चौकट

चांगलं लाकूड वापरून कोणाची फजिती झालेली ऐकली आहे का तुम्ही?

गोंडपिपरीत आमच्या सुतारकामाच्या दुकानासमोर पुण्याच्या एका बाईंचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, थांबलं. त्यातल्या कपाटात बसवलेला मायक्रोवेव्ह जळला होता आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईला गरम पेजच चालायची. गावातून घेतलेला नवा ओव्हन खणात ढिला पडला, म्हणून आमच्या ह्यांनी सागवानाची चौकट ठोकली.

"पाहुण्यांले हलकं लाकूड लावू काय?" हे म्हणाले.

संध्याकाळी बाईंचा जंगल नाक्यावरून फोन आला. गार्डच बोलला, "ताजं सागवान हाय. लाकूड नेण्याचा पास कुठी हाय?"

"काऊन अडवता भाऊ? ते ओव्हनचं हाय!" ह्यांनी फोनवर सांगितलं.

"मंग ओव्हन न्या, चौकट ठेवा इथी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी नाक्यावर जाऊन, रात्रभर तिथेच अडकलेल्या मोटरहोममधली चौकट उखडली आणि लोखंडी पट्ट्यांवर ओव्हन बसवून दिला.