हलका डबा

आमचं गाव किल्लारीच्या अंगाला. आता तिथं गाव न्हाई, बाभळी हायत. भूकंप झाला तवा मी सातवीत व्हते अन् धाकटी बहीण रेखा अजून शाळेतबी जात न्हवती. आई गेली, आजी गेली. घर दगडामातीचं, वर माळवद, गळू नये म्हणून दरसाल मातीचा थर वाढवायचे, तेच समदं अंगावर आलं. रेखाला दादांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, हातानं उकरून काढलं. तवापासून दादांना जड काही सोसंना. नव्या गावात स्लॅबचं घर मिळालं तर त्याच्यात निजंनात, अंगणात पत्रे टाकले अन् तिथंच. जातं देऊन टाकलं, लोखंडी पेटी देऊन टाकली. ते एकटेच न्हाईत, आमच्याकडं लई माणसं अशी झाली, काही घेतलं की आधी हातावर तोलायचं, हलकं हाय ना, मग ठीक.

मी नायगावला आत्याकडं राहून बी.ए. झाले. आमच्या घरात पहिलीच. मराठी टायपिंग शिकले ते आत्याच्या पुण्याईनं, तिचे उपकार फिटायचे न्हाईत. रेखा माझ्यापेक्षा हुशार. दहावीला शाळेत पहिली आली अन् म्हणली, ताई मी डॉक्टर होणार. मग आम्ही दोघींनी लातूरला ट्यूशनच्या गल्लीत खोली केली. काय सांगू तुम्हाला, कुठून कुठून लेकरं यायची त्या टायमाला, हिमायतनगरची, देगलूरची, सकाळी गल्लीत सायकल घालायला जागा नसायची. एक क्लासवाले सर म्हणले, बाई, तुम्ही मला प्रश्नपत्रिका टाईप करून द्या, बहिणीला मी फी न घेता बसवतो, पण कॉम्प्युटर तुमचा पायजे.

तो घ्यायला दादा गावाकडनं आले. दुकानदार एकेक भाग जुळवून देत व्हता. शेवटी त्यानं दोन डबे पुढं ठेवले. त्याला एसएमपीएस म्हणतात, भिंतीतली लाईट घेऊन आतल्या भागांना बेतानं वाटून देतो तो. दादांनी एकेका हातात एकेक डबा धरला. जड व्हता तो लगेच खाली ठेवला अन् धोतराला हात पुसला. हा द्या म्हणले, हलका हाय. दुकानदार म्हणला, काका, जड घ्या, त्याच्यात माल हाय. दादा म्हणले, माल अंगावर पडतो बापू. दुकानदार हसला, त्याला वाटलं म्हातारा गंमत करून राहिला.

चाललं तसं बरेच दिवस. रेखा पहिल्या बाकावर बसायची. बारावीच्या सराव परीक्षा तोंडावर आल्या, समदे पेपर माझ्या मशीनमध्ये, अन् एका दुपारी गेलेली लाईट आली ती अशी वाढून आली की बल्ब पांढराफेक झाला, डब्यात टप् असा आवाज झाला अन् खोलीभर जळका वास. दादा त्याच दिवशी पीठ घेऊन आलेले. मेकॅनिकनं उघडून बघितलं अन् म्हणला, मदर गेली. ते लोक मदरबोर्डला मदरच म्हणतात. दादा शाळेत गेलेले न्हाईत पण रेखाचं पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक ऐकून मदर म्हणजे आई एवढं ठाऊक व्हतं. म्हणले, व्हय, ती भूकंपातच गेली, तुला कुणी सांगितलं. मेकॅनिक माझ्याकडं बघायला लागला. मग त्यानं सरळ मनानं समजावलं, की काका, लाईट वाढली तर चांगला डबा आपलाआप बंद पडतो, ह्यानं समदी आत सोडली, मदर जळली, हार्डडिस्कबी जळली. आत काही न्हाईच ह्याच्यात, म्हणून हलका. जड घ्यायचा व्हता.

दादांनी पिठाचा डबा उचलून आत नेऊन ठेवला अन् तिथंच भिंतीकडं तोंड करून बसले.

सरांचंबी खरं व्हतं, परीक्षा थांबत न्हाई. काम दुसऱ्याकडं गेलं अन् रेखाची जागाबी गेली, फी कुठली भरावी आम्ही. तिनं मैत्रिणींच्या वह्या आणून खोलीत अभ्यास केला. डॉक्टरकीचं थोडक्या मार्कांनी हुकलं. मी म्हणलं अजून एक साल बस. ती म्हणली, नको ताई, दादा जेवंनात, माझ्याकडं बघंनात, मी समोर असले की त्यांना लई होतं. देगलूरचं स्थळ आलं तर हो म्हणली.

तिथं बरी हाय ती. सासू तेलुगू बोलते, आता रेखालाबी येतं. नवऱ्याच्या मेडिकल दुकानात बसते, गिऱ्हाईक तिलाच डॉक्टरबाई म्हणतं अन् ती हसून सोडून देते. मी अजून ह्याच गल्लीत टाईप करते, दादा माझ्याजवळ असतात, कान गेलेत त्यांचे. रेखा रोज फोन करते, दादा जेवले का विचारते. फोन ठेवला की दादा मला विचारतात, काय म्हणली, रागावली न्हाई ना गं. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणते, न्हाई दादा. मग ते मान हलवतात अन् हात वर करून देगलूरच्या दिशेनं म्हणतात, सुखी राहा माय. उद्या पुन्हा विचारतील.