सूर्याची कडा

डोळ्यांत थेंब घालून नर्सने दोघा म्हाताऱ्यांना शेजारी बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं.

"किती वेळ, ताई?"

"वीस मिनिटं, आजोबा."

"वीस मिनिटं, शून्य सेकंद."

शेजारच्याने मान वळवली. "शून्य सेकंद म्हणणारा एकच माणूस मला माहीत आहे. वेधशाळेत तो गणित करून आकडे मोठ्याने वाचायचा आणि मी पडताळायचो."

"आवाजावरून ओळखलंत की."

"तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

"छे हो. सूर्योदयाचे आकडे चुकले माझे, म्हणून गेली."

"नव्हते चुकले. गणिताची रीत सांगणारं ते जाडजूड पुस्तक होतं ना, त्यात साफ लिहिलंय. सूर्याची वरची कडा दिसली की सूर्योदय. मी सूर्याचा मध्य धरून पडताळलं आणि खापर तुमच्यावर फोडलं."

"पुन्हा आकड्यांना हात लावला नाही मी. मुलीला गणित शिकायचं होतं, तिलाही नको म्हटलं."

"चुकलं माझं."

"तुम्हाला हे कळलं कधी?"

"त्याच आठवड्यात."

नर्सने घड्याळ पाहिलं.

"झाली वीस मिनिटं. उघडा डोळे."

दोघांपैकी आधी कुणी उघडेना.