एक कमी

(उमसुनायला जाऊन चाळीस दिवस झाले, तिच्या चाळिसाव्याची दुपार. चुलीपाशी ऐझादा आणि तिची सासू, बातमा अपा. बाहेर अंगणात पाहुणे.)

ऐझादा : तो परत तेच म्हणाला, अपा. "आईनं आम्हाला तीन सांगितले होते."

अपा : कोण तो?

ऐझादा : बर्फ उपसायला शहरातून तुकडी आली होती ना, तिचा म्होरक्या. माझ्या पोरीच्या चाळिसाव्याला एवढ्या लांबून आलाय आणि अंगणात बसून रडतोय. म्हणतो, घर अख्खं बर्फाखाली गाडलं गेलं होतं, बाहेर ही म्हातारी आई उभी होती. आत किती जण, विचारलं. ती म्हणाली तीन. तिघं काढले आणि फावडी खाली ठेवली.

अपा : कढईतले बोर्सोक करपतायत. जाळ कमी कर.

ऐझादा : करपू देत. आत चौघं होते.

अपा : आपण एक कमीच सांगतो. तुला काय हे आज कळतंय? माझी सासूही तसंच सांगायची. मेंढ्या असोत की माणसं. पुरा आकडा तोंडातून गेला की वरचा ऐकतो आणि त्यातला एक उचलतो. सगळ्या गावाला ठाऊक आहे. ऐकणारा मनातल्या मनात एक वाढवून घेतो.

ऐझादा : गावाला ठाऊक आहे. शहरातल्या माणसांना कोण सांगणार?

अपा : नाही आलं लक्षात. डोंगर अंगावर आला होता, बाई. आत माझा म्हातारा होता, नातू होते. त्या वेळी कुठलं सुचतंय.

ऐझादा : मलाही कुठं ठाऊक होतं. लहानग्या उमसुनायला बोटाशी धरून या घरात सून म्हणून आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, चार वाट्या मांड. मी चार मांडल्या. सगळे बसले, मी तशीच उभी. पोट धरून हसलात सगळे.

अपा : नव्या सुनेला हसायचं नाही तर कुणाला हसायचं?

ऐझादा : दुसऱ्या दिवसापासून तुमच्या आकड्यात एक घालायला शिकले. सहा वर्षांत एकदा चुकले नाही. ती चुकली. शाळेतून मोजायला शिकून आली, तिला काय आनंद झाला होता. जेवताना एकेकाकडे बोट करत म्हणाली, "आपण सात."

अपा : बोट माझ्या नातवांवर रोखून म्हणाली.

ऐझादा : त्याच बोटांवर तुम्ही पळी हाणलीत. म्हणालात, पुन्हा मोज, नीट. ती माझ्या कानाशी येऊन विचारते, आई, कुणाला सोडू? मी म्हटलं, सोड कुणालाही. मग ती स्वतःलाच सोडायची. मोजायची आणि सहा म्हणायची.

अपा : शहाणी पोर. पटकन शिकली.

ऐझादा : एक विचारते. तीन म्हणालात, सवयीनं म्हणालात. मानलं. मग माझा एल्दियार निघाला, मग सांजार, शेवटी सासरेबाबा. तिघं तुमच्या पुढ्यात घोंगडीत गुंडाळून ठेवले. म्होरक्यानं विचारलं, "झालं ना, आई?" तुम्ही काय म्हणालात?

अपा : आठवत नाही.

ऐझादा : त्याला आठवतंय. तुम्ही मान हलवलीत. नि तुकडीला शेजारच्या घरी चहाला नेलंत.

अपा : गारठले होते बिचारे.

ऐझादा : मी आणि तुमचा लेक बाजारात अडकलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडचा रस्ता उघडला तेव्हा आलो. तिच्यासाठी बूट आणले होते मी. विचारलं, उमसुनाय कुठाय? तुम्ही चहा ओतत होतात. म्हणालात, "राहिली बाई ती." एवढंच. गावातल्या तोक्तोसुन-आकेंनी आणि मी हातांनी उपसलं. तिच्या तोंडासमोर बर्फ गुळगुळीत झाला होता, अपा. श्वासानं वितळून पुन्हा गोठलेला. आके म्हणाले, पोरीनं बराच वेळ श्वास घेतलाय.

अपा : पुरे आता. आज तिचा दिवस आहे.

ऐझादा : म्हणूनच विचारतेय. का नाही बोललात? अजून एक आहे, एवढंच म्हणायचं होतं.

अपा : म्हटलं असतं तर आकडा पुरा झाला असता. सांजार निळा पडला होता. एल्दियारला धड श्वास घेता येत नव्हता. मी चार म्हणायचं आणि वरच्यानं त्यातला एक उचलायचा? कुठला उचलायचा, ते आपल्या हातात नसतं.

ऐझादा : म्हणून तुम्ही ते हातात घेतलंत.

अपा : घेतलं. आणि कुणाचे पोरगे वाचवले? तुझेच. दोन्ही. ती तर आधीच्या घरची, तुझ्याबरोबर आलेली. दोन दिले तुला परत, ते नाही दिसत.

ऐझादा : तुमच्या लेकाला ठाऊक आहे हे?

अपा : त्यानं विचारलंच नाही. शहाणा आहे तो.

तोक्तोसुन : (दारातून) अपा, पाहुण्यांचं मांस वाढून झालं. घरच्यांसाठी किती ताटं काढू?

अपा : पाच.

तोक्तोसुन : म्हणजे सहा. काढतो.

ऐझादा : नाही आके, पाचच काढा.

तोक्तोसुन : अगं, अपांचा आकडा तुला का माहीत नाही?

ऐझादा : चांगला माहीत आहे. बाबा, त्यांचा लेक, एल्दियार, सांजार आणि मी. पाच झाले.

अपा : नावं घेऊन मोजू नकोस, ऐझादा.

तोक्तोसुन : आणि अपांचं ताट?

ऐझादा : त्यांनी सांगितलं तेवढंच. या घरात वाढायचं काम सुनेचं. आजपासून अपा जो आकडा सांगतील तो तंतोतंत वाढणार मी. आज, उद्या, आणि त्या आहेत तोवर.

अपा : बाहेर गाव बसलंय. सगळ्यांपुढं मला उभी ठेवणार तू?

ऐझादा : मीही उभी होते.

अपा : तोक्तोसुन, ऐकू नकोस तिचं. सहा काढ.

तोक्तोसुन : काय म्हणालात, अपा?

अपा : सहा. सहा आहोत आम्ही घरात. सहा ताटं काढ.

ऐझादा : काढा, आके. सहाच काढा. एवढंच म्हणायचं होतं त्या दिवशी, अपा.